ब्रेकच्या अस्तराची कथा

जयपूरहून सीकरकडे जाणारा रस्ता तीसएक किलोमीटरवर चौमूं गावाला लागतो. जुन्या जयपूर संस्थानात हे नाथावत सरदारांचे ठिकाण होते. गावाजवळून जाणाऱ्या हमरस्त्याला आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ असे म्हणतात. पंजाबातील संगरूरला त्याचा आरंभ होतो आणि कर्नाटकाच्या किनाऱ्याशी, अंकोल्याला, तो संपतो. मराठी श्रोत्यांना या रस्त्याविषयी कुतूहल वाटावे याचे कारण असे की, चौमूंच्या दारावरून गेलेला हाच रस्ता पुढे कोटा, इंदूर, सेंधवा करीत धुळ्याला येतो, चाळीसगाव आणि कन्नड यांच्यामधला औट्रम घाट चढतो, आणि छत्रपती संभाजीनगर, बीड, तुळजापूर, सोलापूर अशी गावे ओलांडून दक्षिणेकडे जातो. चौमूंहून माल घेऊन निघालेल्या गाडीवानाला आरंभीचा पुष्कळसा मुलूख सपाट लागतो. खरी उतरण भेटते ती माळव्याचे पठार सोडून नर्मदेच्या खोऱ्यात जाताना, मानपूरच्या पुढे. आणि तिच्याहून अवघड उतरण सातपुडा ओलांडून खानदेशात येताना, बिजासनच्या घाटात. या घाटाच्या पायथ्यापुढे धुळे जिल्ह्यातील पळासनेर हे गाव आहे. तेथे ४ जुलै २०२३ रोजी एक अवजड मालमोटार रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसली आणि किमान दहा माणसे प्राणास मुकली. मालमोटारीचे ब्रेक निकामी झाले होते, असे त्या वेळी सांगण्यात आले.

ब्रेक निकामी होतो म्हणजे नेमके काय होते? पुष्कळांची कल्पना अशी असते की, आत कोठेतरी एखादी दांडी मोडते किंवा नळी फुटते. तसेही कधी होते. परंतु लांब उतारावर बहुधा घडते ते निराळेच. सगळे भाग जागच्या जागी शाबूत असतात, पाय पेडलवर असतो, आणि तरीही गाडी थांबत नाही. कारण चाकाला धरून ठेवणारे जे अस्तर, तेच तापून आपली पकड सोडून देते. आपले मिस्त्री याला ‘लायनर’ म्हणतात आणि आजच्या मोटारींच्या बाबतीत ‘पॅड’ म्हणतात. हाताच्या पंज्याएवढीही नसलेली ही वस्तू. तिचा इतिहास मात्र चाकाच्या पाठोपाठ चालत आलेला आहे, आणि त्यात चांभाराच्या ऐरणीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत अनेकांचा संबंध आलेला आहे.

सपाट मुलखातल्या गाडीला ब्रेकची गरजच नसते, असे म्हटले तर कोणाला नवल वाटेल. ढुंढाड आणि शेखावाटीच्या मैदानात उंटाची नकेल ओढली की गाडी थांबते. जनावर हाच ब्रेक. उतारावर मात्र हा हिशेब उलटतो. मागचे ओझे पुढे ढकलू लागते, जू मानेवरून सरकते, आणि बैल गाडीला ओढण्याऐवजी गाडीच बैलांना लोटू लागते. सह्याद्रीच्या घाटांतून शतकानुशतके माल गेला तो गाड्यांतून नव्हे, बैलांच्या पाठीवरून. वंजाऱ्यांचे आणि लमाणांचे तांडे तो नेत असत. त्याचे एक कारण वाटा अरुंद होत्या हे, आणि दुसरे, लादलेली गाडी चढवता आली तरी उतरवावी कशी, हे. तोफांचे गाडे न्यावेच लागत, तेव्हा त्यांना मागून दोर बांधून माणसांनी ते ताणून धरावयाचे, असा प्रघात होता. १७९० साली चौमूंच्या उत्तरेस, तोरावाटीतील पाटण येथे, महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेने डी बॉइनच्या हाताखाली मोठी लढाई जिंकली. तिच्या तोफखान्याचे वर्णन इतिहासकार हौसेने करतात. पण उतारावर ज्यांच्या तळहातांची साले त्या दोरांनी निघाली, त्यांचा उल्लेख बखरींत शोधूनही सापडावयाचा नाही. आरंभीचे ब्रेकचे अस्तर म्हणजे माणसाची कातडी, असे म्हणावयास हरकत नाही.

बोरघाटातून चाकांच्या वाहनांसाठी पक्का रस्ता १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, खुला झाला. त्यानंतर गाड्यांना धावेवर घासणारा लाकडी ठोकळा आला. धाव म्हणजे चाकाची लोखंडी कड. दोर किंवा दांडी ओढली की ठोकळा धावेला भिडे, लाकूड करपल्याचा वास सुटे आणि गाडी सावकाश उतरे. लाकूड झिजावे आणि लोखंड टिकावे, ही या साध्या योजनेतली मुख्य गोष्ट. झिजावयाचे कोणी हे आधी ठरवून ठेवले, म्हणजे दुरुस्ती स्वस्त होते. आजचे पॅडही याच तत्त्वावर बनते.

त्याच घाटात १८६३ साली आगगाडी चढली. सदतीस फुटांमागे एक फूट असा तिथला तीव्रातला तीव्र चढ आहे. त्या काळी गाडीला एकत्र चालणारा ब्रेक नव्हता. ठिकठिकाणच्या ब्रेकच्या डब्यांत माणसे बसलेली असत आणि इंजिनाची शिटी ऐकून हातचाके फिरवीत. वेस्टिंगहाउसने हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक १८६९ मध्ये शोधला, म्हणजे घाट सुरू झाल्यानंतर सहा वर्षांनी. म्हणून बोरघाट बांधणाऱ्यांनी ब्रेकवर विसंबून न राहता डोंगरालाच ब्रेक केले. उतरणीवर जागोजागी चढाकडे जाणारे आडरूळ टाकले. उतरणारी गाडी ठरल्या जागी थांबली, म्हणजे ती ताब्यात आहे असे सिद्ध झाले, तरच सांधेवाल्याने तिला पुढचा मार्ग द्यावयाचा. न थांबली तर ती आपोआप आडरुळावर चढते आणि वेग गमावून बसते. ब्रेक फसणारच नाही असे धरून चालू नये, फसला तर काय हे आधी योजून ठेवावे, हा शहाणपणा आपल्या रेल्वेला त्या घाटाने शिकविला. रस्त्यावरच्या वाहतुकीने तो अजून पुरता उचललेला नाही.

मोटारीचा ब्रेक मात्र चांभाराने सुरू केला. जर्मनीत बेर्टा बेन्झ या बाईंनी ऑगस्ट १८८८ मध्ये, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याने बनविलेली मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरावर किलोमीटर नेली. वाटेत उतार लागले आणि लाकडी ठोकळे झिजून गेले. तेव्हा एका गावी चांभाराला बोलावून त्यांनी ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या ब्रेकला मिळालेले हे पहिले अस्तर. पुढे दहाएक वर्षांनी इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने पाहिले की, तिथले शेतकरी घोडागाडीच्या लाकडी ब्रेकवर जुन्या बुटांचे तळवे खिळ्यांनी ठोकतात. अशी हकीकत सांगतात. इंग्रजीत ब्रेकच्या या भागाला ‘शू’ म्हणजे जोडा म्हणतात, आणि आपले मिस्त्रीही ‘ब्रेकशू’ म्हणतात. चांभारकीशी त्या शब्दाचा असा योगायोगाने का होईना मेळ बसला आहे. फ्रूडने चामड्याऐवजी राळ-डांबरासारख्या द्रव्यांत मुरवलेली सुती पट्टी करून पाहिली, आणि आपल्या नावाची अक्षरे उलटीपालटी करून, त्यांत पत्नीच्या नावाचे आद्याक्षर मिसळून, तिला ‘फेरोडो’ हे नाव दिले.

सुती पट्टी शहरात चाले. डोंगरात ती जळे. का जळे याचा अंदाज एका साध्या हिशेबाने येतो. एक हजार किलो वजनाची मोटार साडेपाचशे मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकवर उतरली, तर जी ऊर्जा त्या अस्तरांपाशी उष्णतेच्या रूपाने जमा होते, तिच्यात अठरा लिटर थंड पाणी उकळीला येईल. वीस टनांची मालमोटार असेल, तर विसांनी गुणावे. एवढी आग चार-सहा तळव्यांएवढ्या जागेत सामावावयाची. तिथे कापूस काय करणार? फ्रूडला उत्तर सापडले ते १९०८ साली, ॲस्बेस्टॉसमध्ये. हा दगडच, पण तो पिंजता येतो, कातता येतो, विणता येतो आणि जळत नाही. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगातील बहुतेक मोटारी, मालमोटारी आणि बसगाड्या याच दगडी कापसाच्या आधाराने थांबत राहिल्या. अस्तरात वजनाने निम्म्याच्या आसपास ॲस्बेस्टॉस असे.

श्रोतेहो, झिजावयाचे कोणी, हा प्रश्न आपण लाकडी ठोकळ्यापाशी विचारला होता. ॲस्बेस्टॉसचे अस्तर झिजे फार सावकाश. त्याच्याबरोबर दुसरेच काही झिजत होते. इंग्लंडातील रॉचडेल येथे टर्नर ब्रदर्स यांच्या गिरणीत ॲस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली केरशॉ ही स्त्री १९२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसांत त्या दगडाचे कण सापडले, आणि डॉक्टर कूक यांनी लवकरच त्या रोगाला ‘ॲस्बेस्टॉसिस’ असे नाव दिले. १९३० मध्ये ब्रिटिश सरकारच्या अधिकाऱ्यांनी अशा कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली, १९३१ मध्ये इंग्लंडात नियमही झाले. टर्नर ब्रदर्स ही पेढी तोवर टर्नर अँड न्यूऑल या मोठ्या कंपनीत सामील झाली होती, आणि फेरोडोचा कारखानाही याच कंपनीने विकत घेतला होता. म्हणजे रोग आणि अस्तर या दोहोंची माहिती एकाच घरात होती.

भारतात हे अस्तर आले ते स्वदेशीच्या वाटेने. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याला मोटारी बनू लागल्या. स्वातंत्र्यानंतर मोटारीचे सुटे भाग देशातच बनले पाहिजेत असा सरकारचा आग्रह होता, आणि परकीय चलनाच्या तंगीमुळे तो रास्तही होता. कुर्ल्याच्या पलीकडे घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना उभा राहिला, तो टर्नर अँड न्यूऑलच्याच गोतावळ्यातला. मद्रासकडे राणे आणि इतरांनी या धंद्यात पाय ठेवला. कुर्ल्याच्या फियाटला, जिचे नाव पुढे पद्मिनी झाले, चारही चाकांना ड्रम असत आणि ड्रमच्या आत हे अस्तर असे. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी याच अस्तरावर वाढली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा तिच्याविषयी पुष्कळ हळवे लेख आले. अस्तर बनविणाऱ्या हातांविषयी त्यांत काही वाचल्याचे आठवत नाही. मुंबईतील ॲस्बेस्टॉसच्या एका कारखान्यात दीर्घकाळ राबलेल्या कामगारांची तपासणी डॉक्टर मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली आणि २००५ साली प्रसिद्ध केली. तपासलेल्यांपैकी पाचांत एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस झालेला आढळला.

राजस्थानचा या कथेतला भाग खाणीचा आहे. उदयपूर, अजमेर या बाजूंना ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. १९८६ पासून नवे खाणपट्टे देणे सरकारने थांबविले आणि १९९३ मध्ये जुन्यांचे नूतनीकरणही बंद केले. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या बाजूने निर्णय दिला: प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे, किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांत जे नंतर येईल तोवर ठेवावी, रोग सिद्ध झालेल्यास एक लाख रुपये भरपाई द्यावी. चाळीस वर्षे ही मुदत कोणाला लांब वाटेल. परंतु हा रोग वीस-वीस, तीस-तीस वर्षे अंगात दडून राहतो. युरोपीय संघात ॲस्बेस्टॉसवर २००५ पासून पूर्ण बंदी आली. अमेरिकेने क्रिसोटाइल या त्याच्या जातीवर, ब्रेकच्या अस्तरांसह, २०२४ मध्ये बंदी जाहीर केली.

न्यायालयाने कारखान्यातल्या कामगाराकडे पाहिले. रस्त्याकाठच्या मिस्त्रीकडे पाहावयाचे कोणी? ड्रम उघडला की आत करड्या भुकटीचा थर दिसे. ती उडविण्यासाठी हवेच्या नळीचा झोत सोडावयाचा, ही दुकानादुकानातली रीत. घर्षणाच्या उष्णतेने त्या भुकटीतले बरेचसे तंतू मोडलेले असत हे खरे. पण नवे अस्तर कानसाने घासताना, त्याला रिव्हेटची भोके पाडताना उडणारी धूळ अस्सल असे, आणि ती तोंडाशी असे. आज ॲस्बेस्टॉसविरहित माल सर्वत्र मिळतो, तरी ती झोताची रीत टाकून द्यावी. ओल्या फडक्याने पुसावे. पॅड घेताना वेष्टनावर ‘ॲस्बेस्टॉसमुक्त’ असे लिहिलेले आहे की नाही हे पाहावे, आणि ज्या मालावर बनविणाऱ्याचे नावच नाही तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

‘पॅड’ हा शब्द मी आता वापरला, तो डिस्कच्या ब्रेकचा. चाकाबरोबर फिरणारी एक उघडी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे दोन पॅड, अशी ही रचना. इंग्लंडच्या लँचेस्टरने १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. परंतु त्याने तबकडीला तांबे भिडविले, आणि धातूवर धातू घासून असा किंकाळीसारखा आवाज निघे की लोक दचकत. पन्नास वर्षे ती कल्पना अडगळीत पडली. १९५३ साली ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार मोटारींनी डिस्क-ब्रेकच्या जोरावर बाजी मारली, १९५५ मध्ये सित्रोएनने त्या ब्रेकला घरगुती मोटारीत आणले, आणि मग तो जगभर गेला. ड्रमच्या आत उष्णता कोंडते. तबकडीला वारा लागतो. घाटातल्या वाहनाला हा भेद मोठा आहे.

पॅडच्या मुख्य जाती आता तीन. पहिली सेंद्रिय: राळ, रबर, काचेचे किंवा ॲरमिडचे तंतू यांची. ती मऊ असते, आवाज करीत नाही, तबकडीला जपते आणि स्वतः लवकर झिजते. फार तापली की पकड सैल होते. दुसरी अर्धधात्विक. तिच्यात लोखंडाचा चुरा, पोलादी तंतू असे धातूचे द्रव्य तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्याच्या वरपर्यंत असते. ती उष्णता सोसते आणि पुढे सारते, पण कुरकुरते, तबकडी खाते, आणि थंड असताना सकाळी पहिल्या वळणावर जरा उशिरा धरते. तिसरी सिरॅमिक, म्हणजे चिनी मातीच्या जातीच्या तंतूंची. शांत, कमी धूळ करणारी, टिकाऊ आणि महाग. ‘महाग ते चांगले’ हा न्याय येथे लावू नये. जयपूर-सीकर रस्त्यावर, सपाटीवर, एकट्या-दुकट्याने फिरणाऱ्या मोटारीला सेंद्रिय पॅड पुरून उरते. उलट ज्याला महिन्यातून चार वेळा आंबोली किंवा कुंभार्ली सामान भरून उतरावयाची आहे, त्याने अर्धधात्विकाचा विचार अवश्य करावा. दोघांनीही आधी बनविणाऱ्याने गाडीच्या पुस्तकात काय सांगितले आहे ते वाचावे. ते पुस्तक बहुधा प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच येत नाही. चौमूंकडे शत्रू म्हणजे वाळू: तिचा बारीक कण पॅड आणि तबकडी यांच्यामध्ये शिरतो आणि चरे पाडतो. सह्याद्रीत शत्रू पाणी: पावसाळ्यात एका रात्रीत तबकडीवर तांबूस गंज चढतो. तो पहिल्या दोन-चार ब्रेकांत निघून जातो. त्याला भिऊ नये.

नवे पॅड दहा-बारा मिलिमीटर जाडीचे असते. तीन मिलिमीटर उरले की ते बदलावे. पुष्कळ पॅडना एक पोलादी जिभली असते. अस्तर संपत आले की ती तबकडीला लागून बारीक चिरका आवाज करते. तो आवाज तेल घालून बंद करू पाहणारे लोक आहेत. त्यांना नमस्कार असो. बदलताना एकाच कण्यावरच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलावेत, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढली जाते. तबकडीची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते; ती मोजून घ्यावी. पॅडला दाब देणारा दट्ट्या मागे ढकलताना वरच्या भांड्यातले ब्रेकचे तेल चढते, ते सांडू देऊ नये. हे तेल हवेतली ओल शोषते, आणि ओल शोषलेले तेल घाटात तापून उकळले की पेडल एकदम पोकळ लागते. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेही बदलावे.

कोणतेही पॅड घेतले तरी त्याची धूळ कोठेतरी जातेच. पॅडमधले तांबे पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन माशांना बाधते असे दिसल्यावर अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० साली पॅडमधले तांबे टप्प्याटप्प्याने घटविण्याचे कायदे केले. युरोपीय संघाने २०२४ साली मंजूर केलेल्या नियमांत धुराड्याच्या जोडीला ब्रेकच्या धुळीवरही प्रथमच मर्यादा घातली. आपल्याकडे धुराड्याची तपासणी होते, प्रमाणपत्र मिळते. चाकाच्या वाटीत साचणाऱ्या काळ्या भुकटीकडे अजून कोणी वळलेले नाही.

उतारावर ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या गाडीवानांचा नियम मालमोटारीलाही लागू आहे आणि मोटारीलाही. इंजिनाने वेग धरावा आणि ब्रेकने फक्त तो छाटावा. पाय सतत ठेवून उतरण्यापेक्षा थोडा वेळ नीट दाबावा आणि सोडावा, म्हणजे तबकडीला वारा घेण्यास फुरसत मिळते. नवे पॅड बसविल्यावर गाडी जागची हलविण्यापूर्वी पेडल चार-सहा वेळा दाबून ते कडक लागते की नाही हे पाहिले पाहिजे. दट्ट्या मागे ढकललेला असल्यामुळे पहिले पेडल हमखास रिकामे जाते. आणि पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळावेत, म्हणजे पॅडचा पातळ थर तबकडीवर सारखा बसतो. चौमूंला पॅड बदलून निघालेल्या माणसाला याची वेगळी काळजी करावी लागत नाही. तो कोट्याला पोहोचेपर्यंत ते बसलेले असतात, आणि बिजासनचा माथा तेथून अजून चांगला लांब आहे.